टाळाची तक्रार

स्मरणिका समितीनं 'दिंडीचा शंभर वर्षांचा इतिहास तुम्हीच लिहा' असं सांगितलं, तेव्हा आम्ही हो म्हणून बसलो आणि मग कपाट उघडलं. महालातल्या ज्या वाड्यात आपलं एकादशीचं भजन होतं, त्याच्या माजघरातलं हे कपाट सर्वांच्या ओळखीचं आहे. आत वह्याच वह्या. लाल बासनात बांधलेल्या, काही वाळवीनं खाल्लेल्या. आम्हाला वाटलं, चला, काम सोपं झालं.

पण वह्या सगळ्या जमाखर्चाच्या निघाल्या. गूळ, शेंगदाणे, रॉकेल, पखवाजासाठी कणीक, पताकेचं कापड, रेल्वेचं भाडं. कोण आलं, कोण रडलं, कोण भांडलं, कोणी कोणाला वाटेत पाणी दिलं, याबद्दल एक अक्षर नाही. आपल्या वाडवडिलांना लिहायचा कंटाळा नव्हता, पैशापैशाचा हिशेब आहे. दिंडी कशी चालते हे लिहून ठेवायची गोष्ट आहे असं त्यांना वाटलंच नसावं. ते हाताकडं पाहून, टाळाकडं कान देऊन शिकायचं असतं. आम्हीही तसंच शिकलो. तेव्हा या लेखात सालवारी कमी आणि हातवारे जास्त आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

आपल्या जुन्या माणसांना खुणांची गरज इतरांपेक्षा जास्त पडली, त्याचं कारण आपली बोली. नागपूरहून रेल्वेनं भुसावळ, मनमाड, दौंड करत देशावर उतरायचं आणि आळंदीला पालखीत सामील व्हायचं. तिथं तोंड उघडलं की लोक हसायचे. 'येऊन राहिलो', 'काहून जी', 'हौ ना बाप्पा' ऐकलं की शेजारच्या दिंडीतली पोरं चाळवायची. बेळगावकडची मंडळी तर कानडीत बोलत, आपल्याला त्यांचं आणि त्यांना आपलं कळायचं नाही. पण पावली सुरू झाली की आपला माणूस आणि कानडी माणूस एकाच वेळी डावा पाय पुढं टाकी. आमच्या आधीचे वीणेकरी बुवा म्हणत, 'जिभेनं आपण परके होतो, पायानं नाही.'

दिंडीतल्या खुणांपैकी पहिली खूण वीणेची. वीणा ज्याच्या गळ्यात तो दिंडीचा मुख्य, मग घरी तो कोणीही असो. वीणा जमिनीवर ठेवायची नाही. एकाकडून दुसऱ्याकडं जाताना देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो आणि घेणारा देणाऱ्याच्या. वयानं मोठा कोण, शिकलेला कोण, हे त्या क्षणाला कोणी विचारत नाही. आम्ही पोरवयात पहिल्यांदा वीणा घेतली तेव्हा आमच्या शाळेतले मास्तर आमच्या पायाशी वाकले. आम्ही दचकून मागं सरलो, तर मागच्या टाळकऱ्यानं पाठीला कोपर लावलं. उभा राहा, असं ते कोपर होतं.

दुसरी खूण टाळाची. मागच्या रांगेला पुढचे शब्द ऐकू येत नाहीत. अभंग कुठं आला, कुठं थांबायचं, कुठं नामाच्या गजरावर जायचं, हे समोरच्याच्या उचललेल्या टाळावरून कळतं. वीणेकरी हात वर करतो, पुढची रांग टाळ डोक्यावर नेते, मग ती लाट मागं मागं येते. चांगला पखवाजी तर हातही पाहत नाही. टाळकऱ्यांच्या पायांकडं पाहतो. पाय जड पडायला लागले की ठेका हलका करतो. असं करायला त्याला कोणी सांगत नाही.

पण या सगळ्यांवरची खूण चोपदारांची. तिच्यासाठी थोडं थांबायला हवं.

ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं ते सातारा जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते, आणि अंकलीच्या शितोळे सरकारांनी सोहळ्याला घोडे, तंबू दिले. म्हणून सोहळ्याची शिस्त लष्करी आहे. दिंड्यांना क्रमांक, रथाच्या पुढं सत्तावीस आणि बाकीच्या मागं. सकाळी कर्णा तीन वेळा वाजतो. पहिल्याला आवरायचं, दुसऱ्याला आपल्या जागी उभं राहायचं, तिसऱ्याला पाऊल उचलायचं. तिसऱ्यानंतर कोणासाठी कोणी थांबत नाही, आणि कोणी रागावतही नाही.

संध्याकाळी पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या तिच्याभोवती गोल उभ्या राहतात. टाळ-पखवाजांचा असा कल्लोळ असतो की शेजारचा काय बोलतो तेही कळू नये. मग चोपदार उंचावर उभे राहून हातातला चोप वर उचलतात. एवढंच. आणि तो सगळा आवाज एका क्षणात बंद होतो. ज्यानं ही शांतता ऐकली नाही त्याला ती सांगून पटायची नाही. आम्हा महालवाल्यांना त्यातली एक गोष्ट जास्त लक्षात येते. भोसल्यांचं राज्य होतं तोवर चोपदार महालातही होते. राजदरबारातला चोपदार ललकारी देतो, माणसाची पायरी सांगतो, कोण आलं ते ओरडून जाहीर करतो. १८५३ मध्ये तिसरे रघूजी गेले, त्यानंतर ते राज्य खालसा झालं आणि ललकाऱ्याही गेल्या. वारीतल्या चोपदाराचा चोप तोच, पण लाखभर माणसं थांबवायला त्याला ओरडावं लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. चोप वर गेल्यावर सगळे टाळ थांबतात, पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपले टाळ वाजवत राहते. त्या शांततेत तेवढेच टाळ ऐकू येतात. मग चोपदार त्या दिंडीकडं जातात, काय झालं ते विचारतात, आणि निवाडा झाला की टाळ थांबतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्याची माहिती, उद्याच्या निघण्याची वेळ, आणि मग समाजआरती. तक्रार करणाऱ्याला ओरडावं लागत नाही, अर्ज द्यावा लागत नाही, मोठ्या माणसाची ओळख काढावी लागत नाही. टाळ थांबवायचा नाही, बस्स.

आपल्या दिंडीची या प्रथेशी पहिली ओळख फजितीनं झाली. पहिल्याच काही वर्षांतली गोष्ट, आमच्यापर्यंत तोंडी आलेली. तळावर चोप उचलला गेला, सगळीकडं शांत झालं, आणि आपल्या रांगेतला एक म्हातारा डोळे मिटून वाजवतोच आहे. चोपदार आले. 'काय माऊली, काय तक्रार?' म्हाताऱ्यानं डोळे उघडले. 'तक्रार कायची जी? टाळ चांगला लागून राहिला होता!' सगळा तळ हसला म्हणतात. वीणेकऱ्यांनी कपाळाला हात लावला. पुढची कित्येक वर्षं आपल्याला 'बिनतक्रारीची दिंडी' म्हणून चिडवायचे, आणि आपली मंडळी ते बिरुद मिरवायची. आम्हीही मिरवलं आहे.

आता जी गोष्ट सांगायची ती मिरवण्याची नाही. समितीत एक-दोघं म्हणाले, शताब्दीच्या पुस्तकात हे कशाला? आम्हाला वाटतं, हे नसेल तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

वारकऱ्याची ओळख एकमेकांच्या पाया पडण्यात आहे. 'माऊली' म्हणायचं आणि वाकायचं. समोरचा वाकायच्या आत आपण वाकायचं. काल्याच्या दिवशी एकमेकांच्या तोंडात लाह्या भरवायच्या. हे सगळं स्पर्शाचं बोलणं आहे. आणि याच परंपरेत चोखोबांची समाधी देवळाच्या बाहेर, नामदेव पायरीशी आहे. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले. नामदेवांनी त्यांची हाडं ओळखली ती कान लावून, ज्या हाडांतून विठ्ठलनाम आलं ती त्यांची, अशी आख्यायिका आपण कीर्तनात सांगतो आणि डोळे पुसतो. पण देवाच्या पायावर डोकं ठेवायला त्यांच्या लोकांना पुढं सहाशे वर्षं आत जाता आलं नाही. वारीच्या वाटेवरही जातीप्रमाणं पंगती वेगळ्या बसायच्या, इरावती कर्वे यांनी आपल्या वारीवरच्या लेखात तो सल लिहून ठेवला आहे.

नागपुरात तर हा प्रश्न डोळ्यांसमोर होता. मोहप्याचे किसन फागोजी बनसोडे यांनी १९०७ मध्ये मुलींसाठी शाळा काढली ती चोखामेळ्याच्या नावानं. पुढं त्यांनी काढलेल्या एका पत्राचं नावही 'चोखामेळा' होतं. म्हणजे आपण ज्या संताचं नाव घेतो त्याच संताचं नाव घेऊन, याच शहरात, माणसं उभी होती. आपल्या महालापासून फार लांब नव्हती.

त्यांच्यातला एक टाळकरी आपल्या वाड्यात भजनाला यायचा. एम्प्रेस मिलमध्ये कामाला होता. पंढरीला तो त्यांच्या माणसांबरोबर जायचा, एकादशीला आपल्याकडं. अंगणात, पायरीच्या खाली, तुळशीवृंदावनाच्या पलीकडं उभा राहून टाळ वाजवायचा. हात असा की आतला पखवाजी त्याच्यावर ठेका धरायचा. वर्गणी वेळेवर द्यायचा. त्याचं नाव मात्र वहीत नाही. 'अंगणातले' एवढंच लिहिलं आहे. ज्यांना नाव ठाऊक होतं त्यांनीही ते आम्हाला सांगितलं नाही, आणि आम्हीही वेळेवर विचारलं नाही.

भजन संपलं की सगळे एकमेकांच्या पाया पडायचे. त्याला लांबून हात जोडले जायचे. प्रसाद त्याच्या पसरलेल्या उपरण्यात वरून सोडायचे. हे कोणी ठरवलं होतं असं नाही. कोणी कधी एक शब्द वाकडा बोललं नाही, उलट त्याच्या टाळाचं कौतुकच व्हायचं. जे सांगायचं ते हाताच्या उंचीनं सांगितलं जात होतं.

एका वर्षी आषाढीहून दिंडी परत आली, मावंद्याचं भजन झालं. १९४७ च्या आधीचं वर्ष, नेमकं कोणतं ते वहीच्या फाटक्या पानामुळं कळत नाही. वीणेकऱ्यांनी हात वर केला. टाळ थांबले. अंगणातला एक टाळ थांबला नाही.

वाड्यात त्या दिवशी पन्नास-साठ माणसं होती. त्यातल्या प्रत्येकानं तळावरची ती रीत पाहिलेली होती. हा टाळ काय म्हणतो आहे हे एकूण एकाला कळलं. लहान मुलालाही कळलं असतं. वीणेकरी बुवांनी त्या बाजूला पाहिलं. हात अर्धा उचलला होता तो तसाच राहिला. कोणी उठलं नाही. 'काय माऊली, काय तक्रार?' हे चार शब्द विचारायला पायरी उतरावी लागणार होती.

तो बराच वेळ वाजवत होता म्हणतात. मग थांबला. टाळ सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवले, हात जोडले आणि दारानं निघून गेला. त्या दिवशी पंगत बसली, पण कोणी धड जेवलं नाही, असं आम्हाला सांगणारे बुवा म्हणायचे. ते तेव्हा दहा-बारा वर्षांचे होते, खांबाआड उभे होते. हे सांगताना ते आमच्याकडं पाहत नसत.

वहीत त्या पानावर एवढीच नोंद आहे: 'टाळ जोडी १ जमा. मालक येतील तेव्हा द्यावी.' पुढच्या कोणत्याही वहीत 'दिली' अशी नोंद नाही.

१ मे १९४७ ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात साने गुरुजी उपोषणाला बसले, १० मे ला उपोषण सुटलं आणि विठ्ठलाचं दार सर्वांना उघडायचं ठरलं. ती बातमी महालात आली तेव्हा आपल्याकडं एकमत होतं असं लिहिणं खोटं होईल. त्या आठवड्यात भजनाला निम्मीच माणसं आली. पण त्याच दिवसांत वीणेकरी बुवा एकटेच टाळ घेऊन त्या वस्तीत गेले. कोणाला सांगून गेले नाहीत, परत आल्यावर पत्नीला सांगितलं, म्हणून आपल्याला ठाऊक. त्या माणसानं दारात येऊन हात धरला, खाटेवर बसवलं, चहा दिला. बुवांनी तो घेतला. बुवांनी वाकायचं ठरवलं होतं, पण त्यानं खांदे धरून वाकू दिलं नाही. टाळ पुढं केले तेव्हा म्हणाला, 'राहू द्या जी. माझं वाजवून झालं.' 

पुढं १४ ऑक्टोबर १९५६ ला याच नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांनी त्यांच्याबरोबर. त्या गर्दीत तो होता का, आम्ही सांगू शकत नाही. आपल्या अंगणात मात्र तो पुन्हा आला नाही. पायरीचा भेद नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत हळूहळू गेला. आज ज्यांच्या हाती वीणा असते त्यांची जात कोणी विचारत नाही, हे खरं आहे. पण 'आपल्या दिंडीत कधी भेदभाव नव्हता' असं जे मागच्या एका पत्रकात छापून गेलं, ते खरं नाही, आणि छापताना आम्ही गप्प बसलो होतो.

नंतरच्या काळाबद्दल थोडक्यात. महाराष्ट्र एक्सप्रेस सुरू झाल्यापासून गाडी बदलायचा त्रास वाचला. पताका आता टेरिकॉटच्या आहेत. मोबाइल आले, व्हॉट्सॲपवर गट आहे, कोणता ट्रक कुठं थांबला ते लगेच कळतं, आणि ते चांगलंच आहे. मागं लोक चुकायचे तेव्हा दोन-दोन दिवस जीव टांगणीला लागायचा. वाईट एवढंच झालं की भजनात माइक आला. माइक आल्यापासून मागची रांग पुढच्याच्या टाळाकडं पाहत नाही. आवाज सगळीकडं सारखा पोचतो, मग कशाला पाहायचं? पखवाजी पायांकडं पाहत नाही, मॉनिटरकडं कान देतो. आमचं वय झालं म्हणून असं वाटतं, असं तरुण मंडळी म्हणतात. असेलही.

रोजच्या व्यवहारात मात्र दिंडीच्या खुणा अजून शिल्लक आहेत. गळ्यात तुळशीची माळ दिसली की बडकस चौकातला किराणावाला उधारी लिहिताना दुसऱ्यांदा वर पाहत नाही. आणि त्या माळेमुळंच आपल्यातल्या काहींना काही गल्ल्यांतून मान खाली घालून जावं लागतं, हेही आहे. गांधी गेटपाशी गर्दीत स्कूटरवरून जाताना आपल्यातला कोणी दिसला तर हॉर्न नाही वाजवत, छातीला हात लावतो. वारीत ज्यानं आपले पाय चेपले त्याच्याशी इथं दुकानात भाव करताना हात जरा आखडतो. नवराबायकोत अबोला असला तरी एकादशीला तुळशीपाशी दोघांचे हात एकाच वेळी जोडले जातात, आणि त्या दिवसापुरता अबोला सुटतो, असं आम्ही अनेक घरांत पाहिलं आहे. आमच्या स्वतःच्या घरातही.

बायकांचं खुणांचं राज्य वेगळंच. वाटेनं कोणाचा पाय सोलला, कोणाला ताप भरतोय, कोणाच्या घरून वाईट बातमी आली, हे त्यांना आपल्या आधी कळतं. चालण्यावरून कळतं, पदर कसा धरला त्यावरून कळतं. डोक्यावर तुळस घेतलेली बाई मान वळवू शकत नाही, तरी मागचीची चाल बिघडली की हिची चाल मंदावते. शंभर वर्षांच्या वह्यांत बायकांची नोंद 'तुळस व पाणी' या सदराखाली आहे. 

ते टाळ माजघरातल्या खुंटीवर आहेत. पितळ काळं पडलं आहे, दोरी आम्ही दोनदा बदलली. शताब्दीची तयारी सुरू झाली तेव्हा बैठकीत ही गोष्ट पहिल्यांदा उघड सांगितली गेली. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग सर्वांत तरुण टाळकऱ्यानं सुचवलं, तळावरची रीत वाड्यातही सुरू करू. भजन संपल्यावर, हात वर गेल्यावर, लगेच पायांना हात लावायला धावायचं नाही. शंभर मोजेपर्यंत शांत उभं राहायचं आणि ऐकायचं. ते मान्य झालं. माइकही त्या वेळी बंद ठेवायचा ठरलं.

पहिल्या सात-आठ एकादश्या काही झालं नाही. लोक उगाच खोकायचे, मुलं हसायची. एक-दोघं म्हणाले, 'आपली बिनतक्रारीची दिंडी!'

गेल्या एकादशीला हात वर गेला, टाळ थांबले, आणि बायकांच्या बाजूनं एक टाळ वाजत राहिला. आम्हाला आधी वाटलं, चुकून. म्हातारपणी ऐकू कमी येतं. पण वाजवणारी बाई आमच्याकडंच पाहत होती. तिनं अठरा वाऱ्या केल्या आहेत आणि तिचे अभंग आमच्यापेक्षा पाठ आहेत. शंभरचा आकडा झाला, टाळ चालूच. शेवटी आम्ही उठलो. पायरी नव्हती, मधली सतरंजी होती, ती ओलांडायला आम्हाला जो वेळ लागला तो सगळ्यांनी पाहिला.

'काय माऊली, काय तक्रार?'

ती म्हणाली, 'वीणा.'

याचा विचार करायला येत्या वद्य एकादशीला, भजनाच्या आधी, संध्याकाळी ५ वाजता वाड्यात बैठक आहे. सर्वांनी यावं. माइक नसेल.